पुढची भिंत

आमच्या यांना गोड चाखता येतं, गिळता येत नाही. म्हणजे येतं, पण मी गिळू देत नाही.

बेकरीवाला माणूस आणि त्यालाच साखर वर्ज्य, यावर आमच्या गल्लीत इतके विनोद झालेत की आता कोणी खरोखर नवा विनोद केला तर मी त्याला एक बिस्किट फुकट देते. गेल्या कित्येक महिन्यांत एकही द्यावं लागलेलं नाही. यांना पहिला हार्ट अटॅक आला तेव्हाच रक्तातली साखरही सापडली. दवाखान्यातून घरी आल्या आल्या मी यांना माझ्या गळ्याची शपथ घातली, की गोडाचा एक कणही पोटात जाणार नाही. हे म्हणाले, "अगं, चव न घेता केक कसा करायचा? डोळे मिटून गाडी चालवू का?" दोन दिवस आमचा अबोला होता. शेवटी तडजोड झाली. क्रीम जिभेवर घ्यायचं, तोंडात फिरवायचं, काय कमी काय जास्त ते ठरवायचं आणि मिक्सरशेजारच्या बेसिनमध्ये थुंकून चूळ भरायची.

मी काउंटरवर बसते. तिथून बेसिन सरळ दिसतं, कारण काउंटर मीच तसं हलवून घेतलं. हे थुंकले की माझ्याकडे बघतात, मी मान डोलावते आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे देते. गिऱ्हाइकांना वाटतं, या वयातही काय एकमेकांकडे बघतात! वाटू दे बापडं.

तर असं सगळं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, तरी यंदा यांना धाप लागायला लागली. आधी पिठाचं पोतं उचलताना, मग रिकामा ट्रे उचलताना, मग नुसतं बोलताना. हृदयाच्या नळ्यांची तपासणी झाली आणि तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. आम्हाला सर्जनकडे पाठवलं. सर्जन फार कमी बोलणारा माणूस. आपण एक शब्द जास्त वापरला तर तो बिलात लागेल, असं त्याला वाटत असावं.

"नळ्यांना वळसा घालून नवा रस्ता करता येईल," तो म्हणाला. "पण हृदयाची पुढची भिंत हलत नाहीये."

"मग ती हलती करा," मी म्हणाले.

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "ती मेली असेल तर मी छाती उघडून काही उपयोग नाही. मेलेल्या स्नायूला रक्त पाजून तो उठत नाही. इतक्या थकलेल्या हृदयावर ऑपरेशन म्हणजे नुसताच धोका. मग औषधांवर जेवढं निघेल तेवढं. पण ती झोपली असेल तर गोष्ट वेगळी."

"झोपली म्हणजे?"

"रक्त कमी पडलं की स्नायू कधी कधी काम थांबवतो, पण जीव धरून राहतो. अशा स्नायूला रक्त मिळालं तर तो पुन्हा हलू शकतो. बाहेरून बघताना दोन्ही सारखेच. दोघंही गप्प."

"मग कळायचं कसं?"

"तळघरात जा," तो म्हणाला आणि चिठ्ठी लिहायला लागला.

मी सहसा कशाने भारावून जाणारी बाई नव्हे. मोठमोठी माणसं माझ्या काउंटरवर येऊन 'कालचा ब्रेड स्वस्तात आहे का' असं हळूच विचारताना मी पाहिलेली आहेत. पण त्या दिवशी घरी येताना मी आमच्याच गल्लीचं वळण चुकले. झोपलेलं की मेलेलं, एवढ्या एका गोष्टीवर आमचा पुढचा सगळा संसार येऊन थांबला होता. हे मात्र रस्ताभर समोरच्या दुकानातल्या केकना नावं ठेवत चालले होते. घाबरले की यांना दुसऱ्यांचे केक जास्तच वाईट दिसतात.

तळघरातला तो विभाग म्हणजे एक लांबच लांब बोळ. दारं इतकी जड की ढकलताना खांदा लावावा लागे. प्रत्येक दारावर पिवळी पाटी आणि तिच्यावर तीन पात्यांच्या पंख्यासारखं काळं चिन्ह. तिथल्या डॉक्टरीणबाई आमच्या लेकीपेक्षाही लहान दिसत होत्या. केसांच्या बुचड्यात पेन्सिल खोचलेली, आणि ती पेन्सिल त्या सगळीकडे शोधत होत्या. मी बोटाने दाखवली तेव्हा हसल्या आणि तिथून पुढे आम्हाला काका-काकीच म्हणायला लागल्या.

पहिल्या तपासणीत हृदयात रक्त कुठे कुठे पोचतं याचं चित्र काढलं. पुढच्या भिंतीपाशी जवळजवळ अंधारच होता. "हे अपेक्षितच होतं," त्या म्हणाल्या. "तिकडच्या नळ्या बंद आहेत, तर रक्त कुठून जाणार? खरा प्रश्न उद्याचा. उद्या आपण साखर देऊ."

साखर हा शब्द ऐकून आम्ही दोघांनीही एकदमच मान वर केली.

त्यांनी समजावून सांगितलं. पहाटे एका मोठ्या यंत्रात अशी साखर बनते की तिच्या कणाकणावर एक खूण लावलेली असते. ती खूण स्वतःच किरण सोडते आणि कॅमेऱ्याला दिसते. पण ती टिकत नाही. बनल्या क्षणापासून विझायला लागते, संध्याकाळपर्यंत फारशी उरतच नाही. म्हणून गाडीवाला ती जाड शिशाच्या डब्यात घालून धावत आणतो. ही साखर शिरेतून टोचायची आणि बघायचं, कोण खातं. "मेलेला स्नायू खात नाही काकी. जिवंत असेल तो खातो."

मला तिथेच काटा आला. म्हणजे पहाटे कुठेतरी एक साखर तयार होणार, दुपारच्या आत आमच्या माणसाच्या छातीत पोचणार, तिथल्या एकेका भिंतीला 'जेवतेस का गं?' असं विचारणार आणि दिवस मावळेपर्यंत विझून जाणार. यांच्या आजारापासून मी साखरेला शत्रूच मानलं होतं. तिची अशीही एखादी बहीण असेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यांना उपाशीपोटी नेलं. नातेवाइकांना तयारीच्या खोलीत घेत नाहीत, म्हणून मी बोळातल्या बाकावर बसले. आत एक नर्स, एक खुर्ची, एक बेसिन आणि एक मोठी बाटली, एवढं मला दार बंद होण्याआधी दिसलं. थोड्या वेळाने नर्स बाहेर येऊन दुसऱ्या पेशंटकडे गेली. मग परत येऊन तिने यांच्या बोटाला टोचून साखर तपासली, ती नेहमीसारखी चढलेलीच होती, असं मला नंतर कळलं. तिने इन्सुलिनची छोटी सुई दिली. मग टेक्निशियन शिशाचा डबा हातात धरून आत गेला आणि रिकामा घेऊन आला. त्यानंतर यांना कॅमेऱ्याच्या खोलीत नेलं.

बऱ्याच वेळाने एका आयाने दार उघडं टाकलं आणि मला कॉम्प्युटरचा पडदा दिसला.

हृदय आडवं कापलं तर कसं दिसेल, तशी चित्रं होती ती. मधे भोक पाडलेल्या गोल बिस्किटासारखी एक चकती, मग दुसरी, मग तिसरी. मधल्या भोकात थोडा धुरकट उजेड, ते रक्त असणार. आणि भोवतीचं अख्खं बिस्किट काळंकुट्ट. एक भिंत नव्हे, सगळीच. टेक्निशियनचा चेहरा पडलेला होता. मला ती चित्रं वाचता येत नसली तरी चेहरे वाचता येतात, काउंटरवरचा धंदा आहे माझा.

मी बाकावर बसून राहिले. एकच गोष्ट डोक्यात येत होती, लेकीला फोन कसा करायचा. रडूसुद्धा येईना.

डॉक्टरीणबाई आल्या. मी उठायच्या आतच त्या माझ्या शेजारी टेकल्या. "काकी, तुम्ही पडदा बघितलात ना?"

मी मान हलवली.

"काय दिसलं?"

"सगळं मेलंय."

"अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "चित्राप्रमाणे सगळं मेलंय. पण काका आत्ता आमच्या टेक्निशियनला सांगताहेत की कॅन्टीनचा केक रबरासारखा आहे. ज्याचं अख्खं हृदय मेलंय तो माणूस केकला नावं ठेवत नाही. त्यांची मागची भिंत चांगली आहे, ती काल हलताना मी स्वतः बघितली. आज तिनेही साखरेला तोंड लावलं नाही. म्हणजे काकी, हृदय चुकलेलं नाही, आमची परीक्षा चुकली आहे. आता कुठे चुकली ते शोधू या."

मला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं. एका काळ्या चित्राकडे बघून मी सगळं संपलं असं मानून बसले होते आणि ती त्याच चित्राला उलट प्रश्न विचारत होती.

आम्ही आत गेलो. हे पलंगावर पाय सोडून बसले होते, अंगावर दवाखान्याचा झगा, मागून अर्धवट उघडा.

"काका, सकाळी ती बाटली दिली होती. ग्लुकोजची. ती सगळी संपवलीत?"

"हो," हे म्हणाले. "संपवली."

"सगळी प्यायलात?"

 मग यांनी माझ्याकडे बघितलं. बेसिनपासून काउंटरकडे बघतात अगदी तसंच. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं आणि मी कपाळावर हात मारला.

"अहो! थुंकलात?"

"मग काय करू?" यांचा आवाज चढला. "एवढी मोठी बाटली, नुसती साखर. मला वाटलं, चवीची तपासणी असेल. एक-एक घोट तोंडात घेतला, नीट फिरवला. लिंबू कमी होतं त्यात. मग बेसिनमध्ये थुंकलो. तुझी शपथ नव्हती का?"

नर्सने तोंडावर हात दाबला. टेक्निशियन भिंतीकडे वळला, त्याचे खांदे हलत होते. डॉक्टरीणबाईंनी मात्र हसू आवरलं आणि यांच्यासमोर स्टूल ओढलं.

"काका, हृदय एरवी जास्त करून चरबीवर चालतं. पोटात भरपूर साखर गेली की ते साखरेकडे वळतं. म्हणून आधी पाजायची आणि मग आमची खुणेची साखर टोचायची. तुम्ही पाजूच दिली नाहीत, तर हृदय वळलंच नाही. त्याने आमच्या साखरेकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

हे ऐकत होते. हळूहळू यांचा चेहरा बदलला. पीठ बिघडलं की असा होतो.

"म्हणजे ही यीस्टची परीक्षा आहे," हे म्हणाले.

"कसली?"

"जुनं यीस्ट असलं की ते मेलंय का जिवंत, नुसतं बघून कळत नाही. कोरडी भुकटी, दोन्ही सारखीच. मग कोमट पाण्यात घालायचं, चमचाभर साखर टाकायची आणि वाट बघायची. फेस आला तर जिवंत. साखर खाल्ल्याशिवाय फेस येत नाही." हे थांबले. "आणि मी साखरच घातली नाही. पोरगी बिचारी फेसाची वाट बघत बसली."

"हो काका," त्या म्हणाल्या आणि आता मोकळेपणाने हसल्या. "आम्ही याच्यासाठी एवढा खर्चिक कॅमेरा घेतला, तुम्ही एका वाटीत करता."

"वाटीत यीस्ट मावतं," हे म्हणाले. "मी मावत नाही."

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा तिला काय सांगावं मला कळेना. 'काही कळलं नाही' हे खरं होतं, पण ते सांगताना मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. बाबांनी परीक्षेचा पेपरच थुंकला, एवढं सांगितलं. ती हसली आणि मग रडली. आमच्या घरात ही दोन्ही कामं एकदमच उरकतात.

एक दिवस सोडून पुढच्या तपासणीसाठी त्या साखरेची पुन्हा मागणी गेली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी नर्सला सांगितलं, "काकींना आत घ्या. पाजायचं काम त्याच करतील."

तीच खोली, तेच बेसिन. मी बेसिनकडे पाठ करून, बरोब्बर त्याच्यासमोर उभी राहिले. नर्सने बाटली माझ्या हातात दिली. मी पेला भरला. आणि मग, काय सांगू, हात पुढे होईना. कित्येक वर्षं ज्या हाताने डबे लपवले, बशा ओढून घेतल्या, लग्नाच्या जेवणात यांच्या ताटातलं गोड उचललं, त्या हाताला हे काम येतच नव्हतं.

"दे," हे म्हणाले.

"शपथ सोडवली," मी म्हणाले. "आजच्या पुरती."

यांनी पहिला घोट घेतला आणि सवयीने गालात फिरवायला लागले.

"गिळा!" मी ओरडले. बाहेरच्या बोळातून कोणीतरी डोकावलं.

यांनी गिळलं. कंठ खाली गेला, वर आला. हे डोळे मिटून बसले. मला वाटलं, आता लिंबाबद्दल काहीतरी बोलणार. पण हे म्हणाले, "गोड आहे गं." एवढंच. माझे डोळे भरून आले, मी दुसरा पेला भरला. सगळी बाटली रिकामी होईपर्यंत मी पेले भरत राहिले आणि हे गिळत राहिले.

त्यानंतर बोटाला टोचणं, इन्सुलिन, शिशाचा डबा, सगळं परवासारखंच. मग पांघरूण घेऊन अंधाऱ्या खोलीत शांत पडून राहायचं. मला बाहेर काढलं, कारण आता यांच्या अंगातून किरण येत होते. मी बंद दाराकडे बघत बसले. त्या दारापलीकडे माझा नवरा, ज्याला इतकी वर्षं मी काळोखातही खोकल्यावरून ओळखते, तो आता आतून उजळत होता. आणि उजेड कुठे पडेल आणि कुठे पडणार नाही, यावर ठरणार होतं की तो माझ्याजवळ किती राहील.

कॅमेऱ्याची वेळ झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला काचेमागच्या खोलीत बोलावलं. काचेपलीकडे हे एका मोठ्या पांढऱ्या कड्यात सरकत गेले, हात डोक्यावर. यंत्राचा फारसा आवाजही नव्हता. मला वाटलं होतं, काहीतरी घरघर होईल, दिवे लागतील.

"आधी परवासारखी चकती येईल," त्या म्हणाल्या. "खालची बाजू म्हणजे मागची भिंत. वरची बाजू म्हणजे पुढची. आपल्याला वर बघायचंय."

मी हात जोडले नाहीत. पदर मुठीत धरला आणि वर बघत राहिले.

पडद्यावर आधी नुसता धुरळा होता, मैदा चाळताना उडतो तसा. मग धुरळा जमायला लागला. खालची बाजू उजळली, पिवळसर, गोल, व्यवस्थित. मागची भिंत जेवली होती. मग दोन्ही बाजू वर चढत गेल्या.  आता वर खिंडार दिसणार, पहिल्या दिवशी रक्ताच्या चित्रात दिसलं होतं तसं, तुटलेल्या बिस्किटासारखं.

खिंडार नव्हतं. चकती वर जाऊन मिटली. आणि जिथे मिटली होती तिथे, अगदी वर, ती सगळ्यात जास्त तळपत होती. बाकीच्या भिंतींपेक्षाही जास्त.

डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. टेक्निशियनने खुर्ची मागे सरकवली. 

"ही..." मी विचारलं. "ही कुठली?"

"ही पुढची भिंत काकी." त्यांचा आवाज बदलला होता. त्यांनी असं किती वेळा बघितलं असेल, तरी बदलला होता. "रक्त जेमतेम पोचतंय तिला. त्या जेमतेम रक्तात जेवढी साखर आली तेवढी सगळी ओढून घेतली तिने. एवढी उपाशी होती. काम थांबवलं, हालचाल थांबवली, सगळं बंद केलं आणि नुसता जीव धरून बसली."

मी काचेतून पलीकडे बघितलं. कड्यातून यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, एक मोजा टाचेला विरलेला. त्या मोज्याच्या माणसाच्या आत हे चाललं होतं. कोणाला न सांगता, कोणाला न कळता, आमचं भांडण चालू असताना, मी हिशेब घालत असताना, हे दुसऱ्यांच्या केकना नावं ठेवत असताना, ती भिंत अंधारात एकटी बसून वाट बघत होती. कोणाची, तिलाही माहीत नसेल. एक घोट साखर आली आणि तिने उत्तर दिलं. मी देवळात इतकी वर्षं गेले, पण तिथे मला असं कधी झालं नव्हतं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. डॉक्टरीणबाईंनी मला उठवलं नाही, त्याही माझ्याजवळ जमिनीवर बसल्या.

सर्जनने ती चित्रं बराच वेळ बघितली. मग एकच शब्द बोलला, "करू." त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

ऑपरेशन झालं. मधले दिवस कसे गेले ते मी सांगणार नाही, ज्यांच्या घरात असे दिवस गेलेत त्यांना ते माहीत आहेत. काही महिन्यांनी पुन्हा हृदयाची तपासणी झाली. पुढची भिंत हलत होती. फार नाही. दुपारी झोपेतून उठवलेल्या माणसाने कूस बदलावी तेवढीच. पण हलत होती, मी स्वतः पडद्यावर पाहिली.

मग एके सकाळी हे बेकरीत परत आले. मी दिवसभर काउंटरवरून बघत होते, ट्रे उचलताना धाप लागते का. लागली नाही. दुपारी एका केकचं क्रीम तयार झालं. यांनी बोटावर घेतलं, जिभेवर फिरवलं, कपाळाला आठी घातली आणि बेसिनकडे जाऊन थुंकले. चूळ भरली. आणि माझ्याकडे बघितलं: बघ, गिळलं नाही.

समोर गिऱ्हाईक पैसे धरून उभं होतं. मी काउंटरची फळी उचलली, सरळ बेसिनपाशी गेले आणि यांच्या छातीवर, टाके भरून आलेल्या त्या लांब रेघेवर हात ठेवला.

"काय झालं?" हे दचकले. "थुंकलो ना मी!"

"थुंकलात," मी म्हणाले.

"मग? लोक बघताहेत."

"बघू देत."

पुढची भिंत कुठली आणि मागची कुठली, ते हाताला काय कळणार. मी तशीच उभी राहिले आणि हाताखाली सगळ्याच भिंती काम करत होत्या.